सॅक सर्वांत शेवटी घ्यावी

ट्रेकचे सामान हलके करण्याची चर्चा बहुधा टूथब्रशचा दांडा कापण्यापर्यंत जाऊन पोहोचते, पण त्यातून वाचतात ते जेमतेम काही ग्रॅम. खरे वजन साठते ते तंबू, झोपण्याचे सामान आणि खुद्द सॅक या तीन गोष्टींत. म्हणून कोणतीही खरेदी करण्यापूर्वी घरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक वस्तू तोलून तिचे वजन लिहून काढावे. तंबूच्या छापील वजनात खुंट्या, दोऱ्या आणि पिशव्या धरलेल्या असतातच असे नाही. अन्न, पाणी आणि इंधन वगळून जे उरते त्याला बेस वेट म्हणतात. ते सुमारे ९ किलोच्या आत असेल तर सामान हलके आणि ४.५ किलोच्या आत असेल तर अतिहलके मानण्याचा प्रघात आहे. मूळ हिशेब २० आणि १० पौंडांचा असल्यामुळे हे आकडे असे अडनिडे दिसतात. त्यातला दुसरा आकडा गाठण्याच्या ईर्ष्येने रेनकोट किंवा प्रथमोपचाराची पिशवी घरी ठेवणारे लोक मला मुळीच पटत नाहीत.

माझ्या मते निवडीची सुरुवात झोपेच्या सामानापासून करावी, आणि त्यातही मॅटपासून. स्लीपिंग बॅगमधली ऊब पिसांची नसून पिसांच्या फुगाऱ्यात अडकलेल्या हवेची असते. अंगाखाली ती पिसे दबली, की हवा निघून जाते आणि जमिनीचा गारठा थेट पाठीला भिडतो. तो अडवते ती मॅट. मॅट उष्णतेला किती अडवते हे तिच्या आर-मूल्यावरून कळते आणि दोन मॅट एकावर एक अंथरल्यास त्यांच्या आर-मूल्यांची बेरीज होते. फोमच्या साध्या घडीच्या मॅटचे मूल्य साधारण २ असते. ती पंक्चर होत नाही आणि विसाव्याला पटकन काढून बसताही येते. स्लीपिंग बॅगवर छापलेले तापमान उष्णतारोधक मॅटवर माणसासारखा तापवलेला पुतळा झोपवून मोजलेले असते, त्यामुळे खाली मॅट पातळ असेल तर तो आकडा फारसा उपयोगाचा राहत नाही. शिवाय बॅगवर ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल असे तापमान) आणि ‘लिमिट’ (जेमतेम निभावेल असे त्याहून थंड तापमान) असे दोन आकडे असतात. ज्यांना थंडी लवकर वाजते त्यांनी पहिलाच धरावा. पिसांची बॅग वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असते, मात्र भिजली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. सतत ओल्या हवेत जायचे असेल तर थोडी जड असली तरी कृत्रिम तंतूंची बॅग मला अधिक भरवशाची वाटते.

तंबूच्या बाबतीत, ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहणारा एकपदरी तंबू बरेच वजन वाचवतो, कारण वेगळे खांब वाहावे लागत नाहीत. मात्र त्याच्या आतल्या बाजूला श्वासाची वाफ थेंबांच्या रूपाने साचते, आणि सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन ओले झाले की सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणून घ्याव्या लागतात. पॉलिस्टरमध्ये हा त्रास बराच कमी असतो. स्टोव्ह आणि भांड्यांवर एवढा विचार करण्याची गरज नाही. एकट्याला एक लहान भांडे पुरते.

एमा गेटवुड यांनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली तीन हजारांहून अधिक किलोमीटरची अपालाचियन ट्रेल ही पायवाट घरी शिवलेली कापडी पिशवी खांद्यावर टाकून पार केली. तंबूऐवजी त्यांच्याजवळ न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. अशी पिशवी चालली, कारण आत फारसे काही नव्हतेच. म्हणून उरलेले सगळे सामान ठरल्यावर ते अन्नपाण्यासह एकत्र करून तोलावे आणि मग सॅक निवडावी. एकूण भार ९-१० किलोंच्या आत असेल तर सांगाडा नसलेली सॅक चालते. त्यापुढे भार कमरेवर नेणारा सांगाडा आणि रुंद पट्टा हवाच. सॅकचे माप मात्र उंचीवरून ठरवू नये; मानेच्या तळाशी उठून दिसणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजून घ्यावी.