तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात चांगली जात कुठली?

घरच्या बागेत लावायला फळझाडाची सगळ्यात चांगली जात कुठली, हे मला इतक्या वेळा विचारलं जातं की आता एकदाचं लिहूनच टाकते. नाव सांगण्यात माझं काही जात नाही. पण नुसत्या नावावर आणलेलं झाड पुढे रुसलं की बोल जातीला लागतो.

आंब्याचंच बघा. पूर्ण वाढलेल्या हापूसला 10 मीटर जागा लागते आणि तो बहुधा वर्षाआड धरतो. आम्रपाली 2.5 मीटरवर लावता येते, धरतेही दरवर्षी. हापूसच हवा असेल तर माझा काही विरोध नाही, फक्त आधी जागा मोजा.

खरा घात होतो तो खुंटाने, म्हणजे ज्यावर कलम करतात त्या खालच्या मुळांच्या रोपाने, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. मोसंबीचं कलम म्हणजे रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या रोपावर भरलेला मोसंबीचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची कळी. लावताना रोप खोल बसतं, दोघांचा जोड मातीत जातो. मोसंबीची साल ओल सोसत नाही. ती तिथे कुजते, डिंक गळतो, पानं पिवळी पडतात. मग बुडातून फुटवा येतो, सरळसोट, काटेरी, तजेलदार. घरात आनंद, झाड वाचलं! वाचलेला असतो तो खुंट, मोसंबी केव्हाच गेलेली असते. त्याला 3-4 वर्षं खतपाणी घालून लहान, नारिंगी, आंबटढाण फळं लागतात आणि मला विचारतात, ही जात गोड का नाही? या प्रश्नाचं मला फार वाईट वाटतं, कारण तोवर वर्षं गेलेली असतात. जोड जमिनीच्या वीतभर वर ठेवा, बुडाशी माती चढवू नका. जोडाखालचा फुटवा बोटभर असतानाच हाताने ओढून काढा. कात्रीने कापलात तर बुडखा राहतो आणि एकाचे दोन होतात.

म्हणूनच पूर्वी मी कलम, खुंट, जोड हे सगळं सांगून वर ठासून म्हणायचे, बी लावूच नका. ते चुकलं. कागदी लिंबाच्या एका बीतून बरेचदा दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच निघतात. सगळ्यांत वेगळं दिसणारं तेवढं काढायचं. पपई तर बियांचीच. नर-मादी वेगळे असणारी जात असेल तर एका खड्ड्यात 3 रोपं लावा आणि फुलं येईपर्यंत एकही उपटू नका. लांब देठावर लोंबणारे फुलांचे झुबके नराचे, खोडालगतचं टपोरं फूल मादीचं. परागासाठी एखादा नर राखा. कूर्ग हनी ड्यू ही वेगळी नर झाडं नसलेली जात लावलीत तर तेवढी काळजी नाही.

मग बियांचा आंबा लावावा का? 7-8 वर्षं थांबायची आणि फळ कसं निघेल ते सोसायची तयारी असलेल्यांना आता मी नाही म्हणत नाही. हो म्हणायला मात्र अजून जीभ रेटत नाही.