बीएमआय सामान्य, साखर मात्र वाढलेली

पुण्याजवळच्या एका कारखान्यातील आरोग्य तपासणी शिबिरात लेखा विभागातील चाळिशीचे एक गृहस्थ माझ्यासमोर बसले, तेव्हा त्यांच्या तक्त्यावर बीएमआयपुढे 'सामान्य' असा शेरा आधीच पडला होता. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६५ किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय २२.५ येतो आणि भारतीयांसाठी २३ च्या आतला आकडा ठीक समजला जातो. मात्र हातपाय काटकुळे आणि पोट शर्टाच्या गुंड्या ताणणारे, म्हणून मी टेप घेतली. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर ती धरताच त्यांनी नकळत पोट आत ओढले. श्वास सावकाश सोडायला लावल्यावर घेर ९४ सेंटिमीटर भरला. आपल्याकडे पुरुषांत ९० ही मर्यादा धरतात. दुपारी एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा अहवाल आला: ७.१ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या पातळीतला.

"डॉक्टर, माझं वजन तर बरोबर आहे ना? मग साखर कशी वाढली?"

त्यांना मी पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण दिले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे बीएमआय सांगू शकत नाही, आणि पोटात साठलेली चरबी तर इन्सुलिनचे काम थेट बिघडवते. मधुमेहाचे निदान पक्के करण्यासाठी तपासणी पुन्हा करायचे ठरले. वजन घटवण्यापेक्षा स्नायू कमावणारा व्यायाम, जेवणानंतर चालणे आणि ताटात भाताऐवजी उसळ-डाळ वाढवणे यांवर मी भर दिला.

त्यांच्या मागोमाग माल चढवणारे एक माथाडी कामगार आले. उंची १६८, वजन ७६, बीएमआय २६.९, आणि शेरा 'लठ्ठ'. भरदार खांद्यांच्या, ८२ सेंटिमीटर कंबरेच्या, साखर आणि रक्तदाब उत्तम असलेल्या त्या माणसाला तो शब्द वाचून धास्ती बसली होती, याचे मला फार वाईट वाटले. छापील तक्त्यात कंबरेसाठी रकानाच नव्हता. समासात घेर लिहून मी तो शेरा खोडला आणि उरलेल्या सर्वांची कंबर मोजायला परिचारिकेला सांगितले.