अर्धा गुण

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर ‘शाळेने घडवलं’ वगैरे आठवायला हवं. मला आठवतो तो नववीच्या सहामाहीतला अर्धा गुण.

‘कारणे द्या : इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपशी संबंध तोडले.’ दोन गुण. गाईडमधलं उत्तर घोकलेलं होतं : पोपने घटस्फोटाला परवानगी नाकारली, म्हणून हेन्रीने धर्म बदलला. पेपर मिळाला तेव्हा ‘घटस्फोट’ आणि ‘धर्म बदलला’ या दोन्हींखाली लाल रेघ. मी भांडायला गेलो. “उद्या तासाला सगळ्यांनाच सांगतो,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर वंशावळ. हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर, १५०१ साली स्पेनच्या कॅथरिनशी लग्न, पाच महिन्यांच्या आत वारला. विधवा भावजयीशी लग्न चर्चला चालेना, म्हणून पोप दुसऱ्या ज्युलियसची खास परवानगी आणवली आणि १५०९ मध्ये हेन्रीने तिच्याशी लग्न केलं. मुलं जगेनात, वाचली एकटी मेरी. त्यात राजाचं मन बसलं दरबारातल्या अ‍ॅन बोलीनवर.

“पण नुसता रंगेल समजू नका. बायबल वाचणारा गडी होता.” बायबलमधल्या लेवीय नावाच्या पुस्तकात भावाच्या बायकोशी लग्न करणाऱ्याला निःसंतान राहण्याचा शाप आहे. तो आपल्यालाच लागला, असं हेन्रीने मनाशी धरलं. बायबलमधलंच ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक मात्र निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिराने लग्न करावं म्हणतं. ते त्याने सोयीने बाजूला सारलं. कॅथरिनचं म्हणणं, आर्थरशी आपला संसार असा झालाच नव्हता. इथे सर खाकरले आणि उगाच खडू बदलला.

म्हणजे हेन्रीला लग्न मोडायचं नव्हतं. ते मुळात झालंच नाही, असा निकाल हवा होता. आज कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराला हिंदू विवाह कायद्याचं कलम ११ (लग्न मुळातच रद्दबातल) आणि कलम १३ (घटस्फोट) यांतला फरक सांगताना मला ते खाकरणं हमखास ऐकू येतं.

असा निकाल पोपने द्यायचा तर आधीच्या पोपची परवानगीच चुकीची ठरवायची. शिवाय १५२७ मध्ये रोम लुटून पोप सातव्या क्लेमेंटला कोंडणारं सैन्य सम्राट पाचव्या चार्ल्सचं, आणि तो कॅथरिनचा सख्खा भाचा. पोप निकाल लांबवत राहिला. शेवटी १५३३ मध्ये इंग्लंडचा मुख्य धर्मगुरू आर्चबिशप क्रॅनमर याने इंग्लंडातच तो निकाल दिला. पुढच्या वर्षी कायद्याने राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख.

“आणि धर्म बदलला म्हणे!” सरांनी खिशातून जॉर्ज पंचमची पेनी काढून बाकांवरून फिरवायला दिली. कडेला ‘फिड. डेफ.’ : धर्मरक्षक. १५२१ मध्ये पोपविरुद्ध बंड करणाऱ्या ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहिलं, म्हणून पोपनेच हेन्रीला दिलेली पदवी. त्याच्यापुढेच ‘इंड. इंप.’ : हिंदुस्थानचा सम्राट. पोपशी तुटल्यावरही १५३९ च्या कायद्याने पाद्र्यांना लग्नाची बंदी पोपच्या चर्चसारखीच ठेवली. १५४० मध्ये तर एकाच दिवशी तीन ल्यूथरपंथी जाळले आणि तीन पोपनिष्ठांना फाशी दिली.

“सर, पोपने पदवी काढून नाही घेतली?” मी विचारलं.

“घेतली ना. हेन्रीने मग तीच पार्लमेंटकडून बहाल करून घेतली.”

घंटा झाली. सरांनी पेनी रुमालात गुंडाळली. माझा अर्धा गुण अर्धाच राहिला.