मान दुखते? आधी हात दाखवा

मान दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या मानेला मी सगळ्यात शेवटी हात लावते. आधी तो दारापासून खुर्चीपर्यंत कसा चालतो ते बघते. मग दोन्ही हात पुढे करायला सांगते, बोटांची ताकद बघते, कोपरावर आणि मनगटावर हॅमर, म्हणजे छोटी रबरी हातोडी, मारते, पायाच्या तळव्यावरून हॅमरच्या दांड्याचं टोक ओढते. एवढ्यात पेशंट हमखास म्हणतो, "मॅडम, दुखतंय ते मानेत." ते मी ऐकलेलं असतं. पण नुसती मान दुखण्याची कारणं ढीगभर आणि त्यातली बहुतेक साधी. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला ज्या दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात, ती हातापायांत सापडतात.

पहिला प्रश्न: मणक्यांमधून बाहेर पडणारी एखादी नस दबली आहे का? दुसरा: मज्जारज्जूवरच दाब येतोय का? पहिल्यात माणूस कळवळतो, रात्र रात्र झोपत नाही, आणि तरी बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय निभावतं. दुसऱ्यात कित्येकदा काहीच दुखत नाही. नुसते हात अवघडल्यासारखे होतात, चाल बिघडते आणि ते हळूहळू वाढत जातं. म्हणजे जास्त दुखतंय तिथे जास्त धोका, हा हिशोब मानेच्या बाबतीत चालत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण पुस्तकात नसेच्या टेस्ट आधी येतात आणि मज्जारज्जूच्या मागाहून. तपासताना क्रम उलटा हवा.

मानेत मणके ७, पण नसांच्या जोड्या ८. प्रत्येक नसेचा हातावर आपला असा पट्टा असतो आणि आपले स्नायू असतात. या नसांना वरून खाली सी-१ ते सी-८ अशी नावं आहेत. सी-६ दबली तर मुंग्या अंगठ्याच्या बाजूला येतात, बायसेप्स (दंडाच्या पुढचा स्नायू) आणि मनगट वर उचलणारे स्नायू ढिले पडतात. सी-७ चं मधलं बोट आणि ट्रायसेप्स, म्हणजे कोपर सरळ करणारा दंडाच्या मागचा स्नायू. सी-८ ची करंगळी आणि मूठ. ही हद्द माणसागणिक थोडी पुढेमागे होते, पण म्हणूनच "हात बधिर होतो" एवढ्यावर माझं भागत नाही. "एका बोटाने दाखवा" असं मी सांगते. बरेच जण आधी अख्खा हात चोळून दाखवतात. मी थांबते. मग ते स्वतःच बोटं एकेक चाचपून बघतात आणि म्हणतात, "करंगळी नाही हो. ही दोन." त्या क्षणाला निम्मी तपासणी झालेली असते.

ताकद बघतानाची एक गोष्ट इथे सांगतेच, कारण ती सर्रास चुकते. ट्रायसेप्स तपासताना कोपर पूर्ण ताठ करू द्यायचं नाही. ताठ कोपर सांध्यावर अडकून राहतं आणि अशक्त स्नायूसुद्धा धडधाकट वाटतो. कोपर अर्धवट वाकलेलं असताना "मला ढकला" म्हणायचं आणि लगेच दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं. सी-७ ही मानेतली सगळ्यात जास्त वेळा दबणारी नस, तेव्हा ही एक तपासणी नीट जमली तर पुष्कळ काही कळतं.

आता सगळ्यांनी नाव ऐकलेली स्परलिंग टेस्ट. स्परलिंग आणि स्कोव्हिल या दोन सर्जननी ती १९४४ मध्ये मांडली. मान किंचित मागे, दुखऱ्या बाजूला कलती आणि डोक्यावरून खाली हलका दाब. यामुळे नस जिथून बाहेर पडते ती फट अरुंद होते. मी ती टप्प्याटप्प्याने करते. नुसती मान कलती केल्यावरच हातात कळ गेली तर तिथेच थांबायचं, दाब द्यायची गरजच उरत नाही. आणि "दुखतंय का?" असं कधीच विचारायचं नाही. दुखणारी मान कलती केली की दुखणारच, पेशंट हो म्हणणार आणि टेस्ट पॉझिटिव्ह म्हणून कागदावर चढणार. "कुठे जाणवतंय?" असं विचारायचं. उत्तर मानेपाशी किंवा खांद्याच्या कडेला थांबलं तर ती पॉझिटिव्ह नाही. कळ दंडातून खाली, रोजच्याच वाटेने उतरली, तर आहे.

स्परलिंग पॉझिटिव्ह आली की नस दबल्याचा संशय पक्का होत जातो. ती निगेटिव्ह आली म्हणून नस मोकळी आहे असं मात्र म्हणता येत नाही. याच्या बरोबर उलट वागणारी टेस्ट म्हणजे हाताची नस ताणून बघण्याची. पेशंट उताणा, खांदा खाली धरलेला, हात बाजूला, तळहात वर, मनगट आणि बोटं मागे, आणि मग कोपर अगदी सावकाश सरळ करत न्यायचं. निरोगी माणसालाही यात ओढ आणि मुंग्या जाणवतात, म्हणून न दुखणारा हात आधी करायचा आणि मग दोन्हीतला फरक बघायचा. ही टेस्ट स्वच्छ निगेटिव्ह आली तर नस दबलेली असण्याची शक्यता बरीच कमी होते.

२००३ मध्ये वेनर आणि सहकाऱ्यांनी ८२ जणांवर या टेस्ट नसांच्या विद्युत तपासणीशी ताडून बघितल्या. चार गोष्टी एकत्र धरल्या तर उपयोग होतो असं त्यांना दिसलं: नस ताणण्याची टेस्ट, स्परलिंग, मान हाताने वर ओढल्यावर आराम पडणं, आणि दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळणं. चारही जुळल्या तर नस दबलेली असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या घरात, तीन जुळल्या तर ६५. अभ्यास लहान होता, त्यामुळे आकड्यांना मी फार चिकटून राहत नाही. एका टेस्टवर निकाल द्यायचा नाही, ही त्यातली गोष्ट मात्र मी रोज वापरते.

मान वर ओढण्याची टेस्ट मला मनापासून आवडते. एक हात हनुवटीखाली, एक डोक्याच्या मागे, आणि झटका न देता हळूहळू ताण वाढवत न्यायचा. आतापर्यंत आपण त्या माणसाला दुखवत आलेलो असतो. इथे पहिल्यांदा त्याला बरं वाटतं. कपाळावरची आठी सैल होते, वर खेचलेला खांदा खाली येतो, आणि बहुतेक जण म्हणतात, "असंच धरून ठेवा." हाताचा तळवा डोक्यावर ठेवला की आराम पडतो, हीसुद्धा एक खूण आहे, आणि ती पेशंटने माझ्याआधीच शोधलेली असते. "डोक्यावर हात घेऊनच झोपतो" असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात. खांद्याचा आजार असेल तर तोच हात वर नेताना उलट जास्त दुखतं.

मज्जारज्जूच्या टेस्ट दिसायला अगदी किरकोळ आहेत. हॉफमनच्या टेस्टमध्ये पेशंटचा हात सैल सोडायला सांगून त्याचं मधलं बोट धरायचं आणि नखाला खालच्या दिशेने टिचकी मारून सोडायचं. नजर त्या बोटावर नाही, अंगठ्यावर ठेवायची. अंगठा आणि तर्जनी आपोआप आत वाकली की मी पुढचं सगळं काम बाजूला ठेवते. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला हॅमर मारल्यावर कोपर वाकायला हवं. त्याऐवजी बोटंच मिटली, तर सी-५, सी-६ च्या पातळीवर दाब असल्याची ती खूण. मग मुठी जोरात उघडमीट करायला सांगते. १० सेकंदांत २० वेळा तरी व्हायला हवं. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगते. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखं होतं का, ते विचारते. हे मेंदू-मज्जारज्जूच्या इतर आजारांत किंवा बी-१२ च्या कमतरतेतही होतं, तेव्हा त्यावरून लगेच मान ठरवायची नाही.

नुसती हॉफमन काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह मिळते. म्हणून इथेही बेरीज बघायची. कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पाच गोष्टी मांडल्या: बदललेली चाल, हॉफमन, मनगटाशी हॅमर मारल्यावर बोटं मिटण्याचा तो उलटा रिफ्लेक्स, तळव्याची बाबिन्स्की टेस्ट (टोक ओढल्यावर पायाचा अंगठा वर उठतो का) आणि ४५ च्या वरचं वय. यातल्या तीन जुळल्या तर मज्जारज्जूवर दाब असल्याचा संशय फार बळावतो. एखादीच जुळली किंवा एकही नाही, तर बराच कमी होतो.

एक गृहस्थ आठवतात. मान दुखत नव्हती, खांदा थोडा आखडलेला, व्यायाम सांगा म्हणून आले होते. शर्ट काढायला सांगितला तेव्हा पहिल्या बटणाशीच खोळंबले. बोटं बटणावर होती, जोरही होता, पण बटण काजातून निघेना. वयामुळे होतं, म्हणाले. दोन्ही हातांत हॉफमन, चालताना पाय फाकलेले. खांद्याचे व्यायाम मी सांगितलेच नाहीत, चिठ्ठी लिहून त्यांना स्पाइन सर्जनकडे धाडलं. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब होता, ऑपरेशन झालं. चाल सावरली. बोटं पूर्वीसारखी पूर्ण झाली नाहीत. दाब काढल्यावर बिघाड पुढे जायचा थांबतो, पण झालेलं सगळं भरून येईलच असं नाही, म्हणून ते लवकर सापडायला हवं.

याच्या उलट टोकाला जाड फाइल घेऊन येणारी माणसं. एका बाईंच्या एमआरआयमध्ये सी-५ आणि सी-६ या मणक्यांमधली चकती (गादी) फुगलेली होती, आणि त्या कित्येक महिने मानेला पट्टा लावून वावरत होत्या. हात झोपेत बधिर व्हायचा, झटकला की बरं वाटायचं. कुठली बोटं, हे त्यांना आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. बायसेप्स उत्तम, स्परलिंग निगेटिव्ह. मनगटं वाकवून एकमेकांना टेकवून ठेवली तेव्हा मिनिटभराच्या आतच नेमक्या त्याच मुंग्या आल्या. नस मनगटात दबत होती. जपानमध्ये १,२११ निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय काढले, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या आणि त्यांना काही त्रास नव्हता. एमआरआय लागतोच, पण हात तपासून झाल्यावर त्याला अर्थ येतो. पेशंटला स्पर्श न करता फिल्म वाचून उपचार ठरवले जातात, याची मला खरोखर चीड येते.

कळकळीची विनंती म्हणजे स्परलिंग घरी करू नका. व्हिडिओ बघून कुणाच्या डोक्यावर दाब देऊ नका. अपघात, पडणं, संधिवात, कॅन्सर, ठिसूळ हाडं, ताप यांपैकी काही असेल तर आम्हीही ती करत नाही. घरी बघण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. बटणं लागतात का, अक्षर बदललंय का, चप्पल पायातून नकळत निसटते का, अंधारात चालताना तोल जातो का. यातलं काही हळूहळू वाढत असेल, तर मान दुखो न दुखो, ते या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. हाताची किंवा पायाची ताकद झपाट्याने जात असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.