काकूंच्या गोळ्यांना अकरा दिवस लागले

आधी कामाचं सांगते, कारण शेवटपर्यंत वाचायला सगळ्यांना वेळ होत नाही. घरात कॅन्सरचा पेशंट असेल आणि डॉक्टर म्हणाले की आता घरीच न्या, तर त्याच दिवशी, रुग्णालयाचं फाटक ओलांडायच्या आधी, मॉर्फिनचं, म्हणजे कॅन्सरचं तीव्र दुखणं कमी करणाऱ्या औषधाचं विचारा. आज दुखत नसलं तरी विचारा. कुठं मिळतं, कोणाच्या सहीनं मिळतं, पेशंट अंथरुणाला खिळला तर नातेवाइकाच्या हाती देतात का, हे तिघांना विचारा आणि उत्तर फाईलवर लिहून घ्या. आम्ही हे विचारलेलं नव्हतं. काकूंना त्याची किंमत अकरा रात्री मोजावी लागली.

मी पुण्यात नऊ वर्षं नर्स होते. त्यातली चार शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या वॉर्डात गेली. मार्च २०२० मध्ये सासऱ्यांच्या आजारपणासाठी पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावी आले आणि २४ तारखेच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. मी अडकले, तसे बरेच पेशंटही आपापल्या घरी येऊन पडले. कोणाची केमो अर्धवट राहिली, कोणाचा वॉर्ड कोविडसाठी रिकामा केला, कोणाला गाडीच मिळेना. लोक रात्री दार वाजवून विचारायचे, "ताई, तुम्ही नर्स आहात ना, जरा येऊन बघता का?" त्या वर्षभरात जवळपासच्या पाच गावांत मिळून नऊ जणांच्या उशाशी मी बसले. सोबत आशाताई होत्या, मेडिकलवाले दादा होते आणि भाजीच्या पिकअपचा ड्रायव्हर होता. संस्था वगैरे काही नव्हती. एक वही होती, तीत नाव, गाव, दुखणं आणि पुढच्या खेपेची तारीख.

हे काम अवघड असतं असं लोकांना वाटतं. बरंचसं नसतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड ओल्या कापसानं पुसणं, नळीतून पेज कशी द्यायची हे सुनेला शिकवणं, जखमेला वास येत असेल तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकणं. घरातली माणसं दोन दिवसांत शिकतात आणि नर्सपेक्षा मायेनं करतात. मास्क लावून जायचं, अंगणात हातपाय धुवायचे, घरी परतल्यावर अंघोळ, मगच लेकरांना हात. एवढं पाळलं की ते सुरळीत चालत होतं, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

काकूंचं सांगते.

काकू आमच्या वाड्याच्या मागच्या गल्लीतल्या. स्तनाचा कॅन्सर, तो पाठीच्या मणक्यात उतरलेला. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. एप्रिलच्या शेवटी ते परतले तर गावानं त्यांना विलगीकरणासाठी शाळेत ठेवलं. शाळा आणि काकूंचं घर यांत शंभर पावलांचं अंतर. आई रात्री ओरडायची आणि लेक शाळेच्या खिडकीत उभा राहून ऐकायचा. काकूंना आडवं होता यायचं नाही. मागं सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं लावून बसल्या बसल्या डोळा लागला तर लागला. पॅरासिटामॉल कधीच निरुपयोगी झालं होतं. ट्रॅमाडॉल दादांनी चिठ्ठीवर दिलं, पण तेही २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्यानं दुकानदार बिचकतात. हाडाच्या त्या दुखण्यापुढं ते तासभर टिकायचं. काकू एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "माय, मरणाचं भ्या नाही मला. हे तेवढं कमी कर."

हे कमी करणारी गोळी असते. स्वस्त असते. तिचा कच्चा माल, म्हणजे अफू, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकतो, नीमचला सरकारचा कारखाना आहे. आणि माझ्या गल्लीतल्या बाईला ती मिळत नव्हती.

पहिल्या दिवशी मी काकूंची फाईल काढून त्यांच्यावर जिथं उपचार झाले होते तिथं फोन लावला. परजिल्ह्यातलं मोठं रुग्णालय आहे, नाव लिहीत नाही. तीन वेळा फोन फिरवल्यावर एक बाई म्हणाल्या, पेशंटला घेऊन या. मी म्हटलं, बाई, त्यांना बाजेवरून उठवलं तरी किंचाळतात, गाडीत दोन-तीन तास कशा बसतील? त्या म्हणाल्या, मग आम्ही काही करू शकत नाही.

लॉकडाऊनमध्ये जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा, तो काढायला चार दिवस गेले. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण मी 'औषध आणणे' असं लिहिलं होतं आणि ताप-खोकला नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं नव्हतं. दुसऱ्या अर्जात पिकअपच्या नंबरचा एक आकडा चुकला. तिसरा मंजूर झाला. (तुमच्यावर कधी असली वेळ आली तर गाडीचं आरसी बुक समोर ठेवूनच अर्ज भरा. रात्री झोपेच्या भरात भरू नका.) सहाव्या दिवशी पहाटे निघालो. हद्दीवर पोलिसांनी पास बघितला, फाईल बघितली आणि लगेच सोडलं. त्या हवालदारानं पाण्याची बाटलीसुद्धा दिली.

रुग्णालयाच्या खिडकीवर मात्र दोन वाजेपर्यंत उभी राहिले. पहिला प्रश्न, पेशंट कुठंय? मी बायोप्सीचा रिपोर्ट दाखवला, त्यांनीच दिलेलं डिस्चार्ज कार्ड दाखवलं, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. खिडकीतला माणूस म्हणाला, पेशंट समोर असल्याशिवाय देता येत नाही. मी फोनवर काकूंचा व्हिडिओ दाखवला, त्यानं मान फिरवली. वरच्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, मॉर्फिनच्या कपाटाची चावी आणि सहीचा अधिकार एकाच डॉक्टरांकडे आहे, ते स्वतः क्वारंटाइनमध्ये आहेत, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवस! मी त्यांना विचारलं, दुसऱ्या कोणाला अधिकार देता येत नाही का? ते म्हणाले, तसं पत्र वरून यावं लागतं. पत्र कोणी मागवलं होतं का, ह्याला उत्तर आलं नाही. रिकाम्या हातानं परत आले. गल्लीत शिरताना पिकअपचा आवाज ऐकून काकूंना वाटलं गोळ्या आल्या. त्यांनी हात पुढं केला. ते मला आजही सहन होत नाही.

मला चीड एका गोष्टीची आहे. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक होता हे खरं. पण २०१४ मध्ये तो बदलला, तो ह्याचसाठी. पूर्वी रुग्णालयांना चार-पाच वेगवेगळे परवाने काढावे लागायचे. आता राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळालेली संस्था ही औषधं ठेवू शकते आणि देऊ शकते. कायद्यानं दार उघडलं, आणि आत कपाटाची चावी एकाच खिशात ठेवली गेली. साथ आल्यावर तो खिसा विलगीकरणात गेला, तर त्या कपाटावर अवलंबून असलेल्या प्रत्येक पेशंटनं काय करायचं, हा विचार करायला डॉक्टर किंवा मंत्री असावं लागत नाही.

फोनवर औषध लिहून घ्यावं म्हटलं तर तीही वाट बंद. २५ मार्च २०२० ला केंद्रानं टेलिमेडिसिनचे नियम काढले, ते चांगलेच आहेत, पुढं आम्हाला त्यांचा खूप उपयोग झाला. पण अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं त्यातून लिहिता येत नाहीत. पुण्यातले माझे जुने डॉक्टर व्हिडिओवर काकूंशी अर्धा तास बोलले, कुठं दुखतं, कसं दुखतं सगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "मला काय द्यायचं ते माहीत आहे, पण मी लिहू शकत नाही." त्यांचाच आवाज जड झाला होता.

त्यांनीच मग चार ठिकाणी फोन करून एक संस्था शोधली. तीही परजिल्ह्यात, पण मान्यता असलेली आणि कपाटात गोळ्या असलेली. त्यांनी मागितलेले कागद असे: मूळ बायोप्सी रिपोर्ट, पेशंटचं आणि नेणाऱ्याचं आधार, पेशंट हलवता येत नाही असं गावच्या डॉक्टरांचं पत्र, आणि गोळ्यांची जबाबदारी घेत असल्याचा नातेवाइकाचा साध्या कागदावरचा अर्ज. नातेवाईकच लागणार होता. शाळेतून मुलाला बाहेर काढायला सरपंचांकडे दोन चकरा झाल्या. शेवटी शाळेतली मुदत संपली आणि तो स्वतः माझ्याबरोबर आला. नवा पास ह्या वेळी एकाच दिवसात मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितले, काकूंशी फोनवर बोलल्या, मुलाला समोर बसवून सगळं समजावलं, चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पेशंट समोर नव्हता. देश तोच, कायदा तोच.

मुलाला त्यांनी सांगितलेलं इथं लिहिते, कारण फार जण इथंच चुकतात. गोळी दुखल्यावर नाही, घड्याळावर द्यायची. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. डोस डॉक्टरच ठरवतात, शेजारच्या पेशंटचा डोस बघून देऊ नका. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि झोप येते, घाबरून बंद करू नका. पण हाक मारूनही नीट जाग येईना किंवा श्वास मंद वाटला तर पुढची गोळी थांबवून तडक फोन करायचा. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू, हे विसरलात तर नवीन दुखणं मागं लागतं.

अकराव्या रात्री दहाची गोळी दिली. मी तिथंच बसून राहिले. साडेअकराच्या सुमारास काकूंनी पोत्यावरून पाठ उचलली आणि म्हणाल्या, हे काढ. पोतं काढलं. त्या कुशीवर आडव्या झाल्या आणि पहाटे पाचपर्यंत झोपल्या. मुलगा उंबऱ्यात बसून होता, मधून मधून उठून नाकाशी हात धरून बघायचा.

गल्लीत कुजबुज झाली, अफूच्या गोळ्या देऊन म्हातारीला गुंगीत ठेवलंय. आशाताईंनी चार बायकांना घेऊन येऊन काकूंच्या खाटेपाशी बसवलं. काकू त्यांच्याशी पेरणीचं बोलल्या, सुनेला दागिन्यांचं सांगितलं, नातीची वेणी घातली. त्यानंतर कुजबुज थांबली.

त्या सव्वा महिना जगल्या. आषाढात, घरी, दुपारी गेल्या. तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती, आणि कोरोनानंच गेल्या असतील म्हणून काही जण स्मशानात लाकूड द्यायला तयार नव्हते. गावच्या डॉक्टरांनी आजाराचं कारण लिहून दिलेलं पत्र आदल्या आठवड्यातच फाईलमध्ये होतं, ते दाखवलं. तुम्हीही असं पत्र आधी घेऊन ठेवा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांत करा, पुढं सातबाऱ्याला आणि विम्याला तोच दाखला लागतो.

तेवीस गोळ्या उरल्या होत्या. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, पुरू नका, जिथून आणल्या तिथं परत करा. मी आणि काकूंचा मुलगा पाकीट घेऊन त्या संस्थेत गेलो. त्यांनी गोळ्या मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिल्या, मुलाची आणि माझी सही घेतली. मग मी पिशवीतून दुसरी फाईल काढली. पलीकडच्या तांड्यावरचे एक आजोबा, जबड्याचा कॅन्सर, अजून चालत-फिरत होते. वरती मूळ बायोप्सी रिपोर्ट, खाली दोन झेरॉक्स.