संत्र्याच्या आडतीचा डेटाबेस: टेबलांआधी पट्ट्या वाचा

नागपूरच्या कळमना फळबाजारातल्या आडत्यासाठी डेटाबेस करायचा असेल, तर आधी मागच्या हंगामातल्या पट्ट्या (शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), आवकेची वही आणि उधारीची वही मागून घ्या. तोंडी विचारलं की माणूस नेहमीचाच व्यवहार सांगतो: गाडी आली, बोली झाली, माल गेला. वहीत मात्र खाडाखोड असते, आणि डिझाइनला लागणारं बरंचसं तिथेच सापडतं.

समजा एका शेतकऱ्याचे १२० क्रेट उतरले. ७० एका व्यापाऱ्याने घेतले, ४० दुसऱ्याने कमी दराने, १० छाटणीत गेले. आवक आणि विक्री एका टेबलात ठेवली तर इथेच अडतं. दर आवकेचा नसतो, विक्रीच्या प्रत्येक ओळीचा असतो. म्हणून एक आवक, तिच्याखाली अनेक विक्री-ओळी, आणि छाटणीचीही वेगळी नोंद.

वसुलीत हाच प्रकार दोन्ही बाजूंनी होतो: एका जमेत अनेक बिलं, एका बिलाला अनेक जमा. व्यापाऱ्याकडे २२,४००, १८,६५० आणि ३१,००० अशी तीन बिलं बाकी आहेत आणि तो ५०,००० जमा करतो. पहिली दोन फिटतात, तिसऱ्यात ८,९५० जातात, २२,०५० उरतात. बिलाच्या टेबलात ‘भरले की नाही’ असा रकाना ठेवला तर ही नोंद कुठेच बसत नाही. बिल आणि जमा यांच्या मधे तिसरं टेबल हवंच: कोणत्या जमेतले किती रुपये कोणत्या बिलाला लागले. माझ्या मते अशा कामातली सगळ्यात महागडी चूक हे टेबल गाळणं हीच आहे, कारण नंतर ते घालायचं तर सगळी जुनी उधारी पुन्हा जुळवावी लागते.

नागपुरी संत्र्याची आणखी एक गोष्ट. तिचे दोन बहार, म्हणजे दोन फुलोऱ्यांची पिकं: आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात बाजारात येतो, मृग बहाराचा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे मृगाचा हंगाम ३१ मार्च ओलांडतो. बिलाचे क्रमांक आर्थिक वर्षाप्रमाणे नव्याने सुरू होतात, पण शेतकऱ्याला हिशोब बहाराप्रमाणे हवा असतो. तारखेवरून बहार काढू नका, त्याचा वेगळा रकाना ठेवा. बिलाचा क्रमांक एकटा युनिक, म्हणजे पुन्हा न येणारा, नसतो. वर्ष आणि क्रमांक यांची जोडी युनिक करा.

रकान्यांचे प्रकार पटकन सांगतो. पैसे न्यूमेरिकमध्ये (नेमके दशांश ठेवणारा प्रकार), फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश ठेवणारा) कधीच नाही, फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि पैशा-पैशाचा फरक रोकडीत दिसतो. मोबाइल नंबर टेक्स्ट, आणि तो प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) नको, कारण बापलेक एकच नंबर देतात. नावाचा रकाना ऐसपैस ठेवा: ‘संत्रा’ वाचताना दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं होतात. हमाली, तोलाईचे दर मास्टर टेबलात असले तरी त्या दिवशीचा दर व्यवहाराच्या ओळीत उतरवून घ्या. नाहीतर दर बदलला की जुन्या पट्ट्यांची रक्कमही बदलते.

आता प्रत्यक्ष बांधणी. वजन शून्याहून जास्त (चेक), फॉरेन की (दुसऱ्या टेबलात असलेल्याच ओळीशी जोड), नॉट नल (रकाना रिकामा चालणार नाही) हे नियम डेटाबेसमध्येच लावा, फक्त स्क्रीनवर नाही. डेटाबेसचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल असेल आणि ८.०.१६ पेक्षा जुनं असेल तर चेकची अट लिहिता येते पण पाळली जात नाही, हे लक्षात असू द्या. पोस्टग्रेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फॉरेन कीवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आपोआप बनत नाही. उधारीची यादी रेंगाळते ती बहुधा त्यामुळेच. आणि विकलेले क्रेट आवकेपेक्षा जास्त होऊ नयेत, ही अट साध्या चेकने लागत नाही, कारण ती अनेक ओळींची बेरीज आहे. त्यासाठी ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही) आवकेची ओळ लॉक करून, म्हणजे दुसऱ्याला तोवर थांबवून, मग बेरीज तपासावी लागते. दोन मुनीम एकाच वेळी एकाच गाडीचा माल नोंदवत असतील तर हे लागतंच.

सुरू करण्याआधी गर्दीच्या एका दिवसाच्या सगळ्या पट्ट्या भरून बघा. बेरीज रोकडवहीशी रुपयाने जरी चुकली, तरी आधी राउंड ऑफचा वेगळा रकाना आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो.