घरी बिअर करायची होती, शेवटी ज्वारी भिजवली (माझा अनुभव, खर्चासकट)

सुरुवात आत्याच्या मुलामुळे झाली. तो टेक्सासात असतो, गेल्या दिवाळीत सोलापूरला आला तेव्हा तीन दिवस त्याच्या तोंडी एकच विषय, मी घरी गॅरेजमध्ये बिअर करतो. तिकडे १९७८ साली कायदा बदलला, तेव्हापासून घरच्यापुरती बिअर करायला हरकत नाही, घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. मी लगेच गुणाकार केला, साडेसातशे लिटर! म्हटलं, का बे, प्यायला करतो का आंघोळीला?

तर तो म्हणाला तू पण कर की, लागतं काय, माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे सातू), हॉप्स (कडू चवीची वाळलेली फुलं), यीस्ट (आंबवणारं खमीर) आणि पाणी. पाणी म्हटल्यावर अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पाणीच तेवढं मागवायला सांग त्याला." (आमच्याकडे जुळे सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो, ज्यांना माहीत आहे ते हसतील.)

मी अकाउंट्सवाला माणूस, त्यामुळे आधी वही काढली. त्याचा एक घाणा पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटर. ऑनलाइन जे भाव दिसले ते असे, साधं बार्ली माल्ट १८० रुपये किलो, ५ किलोचे ९००. रंगासाठी जास्त भाजलेलं माल्ट अर्धा किलो १६०. हॉप्स ५० ग्रॅम ४५०, यीस्टची एक पुडी ६००, कुरियर ३५०. झाले २४६०. म्हणजे ६५० मिलीची बाटली ८५ च्या आत. दुकानातल्या बाटलीच्या निम्म्याहून कमी! मी रात्री बायकोला वही दाखवली, ती म्हणाली आणि भांडी? मग भांडी लिहिली. मोठं स्टीलचं पातेलं, झाकणाची फूडग्रेड बादली, थर्मामीटर, हायड्रोमीटर (रसातली साखर मोजायला), बाटल्यांना बूच मारायचं यंत्र, असे ७३००. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे यीस्टला पाहिजे १८ ते २० अंश, आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता पण भिंत गरम असते, म्हणजे एक सेकंडहँड फ्रीज फक्त त्या बादलीसाठी, ६००० धरा. पहिल्या घाण्याची बाटली पडली साडेपाचशेला. ८५ चे साडेपाचशे, एका पानाच्या अंतरात.

तरी मी करणार होतोच, हौसेला मोल नसतं वगैरे. पण एक मित्र वकील आहे, त्याला सहज बोललो तर तो चहा खाली ठेवून म्हणाला, लायसन्स काढलं का? म्हटलं घरी प्यायलाच करतोय. तो म्हणाला महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ चा, परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, त्यात बिअर पण येते, आणि घरी प्यायलाच होती असं सांगून सुटका नाही. अरे प्यायलासुद्धा परवाना लागतो, तू करायचं काय घेऊन बसलास. आणि वर आपला जिल्हा. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी हातभट्टीवाल्या कुटुंबांना दुसऱ्या धंद्याला लावायला ऑपरेशन परिवर्तन काढलं होतं ते आठवतं ना, म्हणाला, आणि तू शिकलासवरलेला माणूस घरात उलटा धंदा सुरू करतोय. विषय संपला.

म्हणजे संपला असं मला वाटलं. आत्याच्या मुलाला कळवलं तर त्याचा मेसेज आला, मग आंबवू नको की, माल्टा कर. हे मला माहीतच नव्हतं. कॅरिबियन बेटांवर आणि लॅटिन अमेरिकेत माल्टा नावाचं पेय पितात, माल्ट आणि हॉप्स बिअरसारखंच उकळायचं पण यीस्ट घालायचंच नाही, थंड करून गॅस भरायचा. काळपट, गोड, मागून थोडं कडू. पोरंबाळं पितात तिकडे. यीस्टचे ६०० वाचले, फ्रीजचे ६००० वाचले, बूच मारायचं यंत्र वाचलं, वकील वाचला. मी म्हटलं हे आपलं काम.

पहिला घाणा मार्चच्या शेवटी, छोटाच. माल्ट अडीच किलो ४५०, भाजलेलं १६०, हॉप्स ४५०, कुरियर २८०, एकूण १३४०, शिवाय थर्मामीटर ३५०. इथेच पहिली गोष्ट कळली की रेसिपीत १० ग्रॅम हॉप्स लिहिले असले तरी तुम्हाला कोण १० ग्रॅम देत नाही, ५० ची पुडी घ्या नाहीतर राहू द्या, भाजलेलं माल्ट पाव किलो पाहिजे तर अर्ध्याच्या खाली नाही, आणि कुरियर तर एक किलोला जवळपास तेवढंच जेवढं तीन किलोला.

करायला तसं अवघड नाही. भरडलेलं माल्ट ६६-६७ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, तेवढ्यात त्यातल्या पिठाची साखर होते. अडचण अशी की तेवढा वेळ ते तापमान टिकलं पाहिजे, आमचं पातेलं पातळ, गॅस बारीक केला तरी ७५ वर जायचं, बंद केला की उतरायचं. मग कपाटातून चादर काढली आणि पातेल्याला दुमडून दोन वेढे दिले. तासाभरात फक्त दोन अंश उतरलं. आख्ख्या सेटअपमधली सगळ्यात भारी वस्तू सोलापुरी चादर, आणि तिचा खर्च शून्य, लग्नात आलेल्या अजून सहा पडून आहेत. नंतर मलमलच्या फडक्यातून गाळून तासभर उकळायचं, हॉप्स सुरुवातीलाच टाकायचे कारण त्यांचा कडूपणा पाण्यात उतरायला तेवढी उकळी लागतेच. घरभर वास असा की हॉर्लिक्सच्या बाटलीत डोकं घातलंय. शेजारच्या काकू जिन्यात आईला विचारून गेल्या, काय शिजतंय ओ, औषध का?

आठ लिटर निघालं, पाऊण लिटरच्या दहा-अकरा बाटल्या, धुतलेल्या कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या. ग्लासात अर्धं हे आणि अर्धा थंड सोडा. चव खरंच चांगली होती, मी खूश. पण फ्रीजच्या दारात चारच बाटल्या मावल्या, आईने पाचवी ठेवू दिली नाही कारण तिथं शेंगाचटणीचा डबा असतो. बाकीच्या पलंगाखाली, गार फरशीवर. तिसऱ्या रात्री फट्कन आवाज, एका बाटलीचं बूच उडून पलंगाच्या फळीला लागलं आणि सगळं चिकट फरशीवर. बाकीच्या बघितल्या तर फुगून दगडासारख्या टणक. काचेच्या असत्या तर काय झालं असतं विचार नको. मी यीस्ट घातलं नव्हतं तरी हवेतलं, बाटलीतलं कुठलंतरी आलंच, गोड रस आणि सोलापूरचा उन्हाळा म्हटल्यावर त्याला आमंत्रण लागत नाही. बिअर टिकते कारण साखर बरीचशी संपलेली असते आणि अल्कोहोल झालेलं असतं, आमच्या रसात साखर सगळी जागेवर, राखणदार कोणीच नाही. आणि आंबलं म्हणजे वकिलाने सांगितलेलं कलम पलंगाखाली तयार! रात्री अडीचला सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. फ्रीजमधल्या चार उरल्या. १३४० भागिले चार.

तेव्हा ठरवलं की एकतर माल्ट स्वस्त पाहिजे किंवा हा नाद सोडायचा. किराण्यातली बार्ली आणून भिजवली, तिला मोड आलेच नाहीत, कुजून वास सुटला. नंतर कळलं ती वरचं साल घासून काढलेली असते, ती उगवणार कशी. कडू चवीला हॉप्सऐवजी काडेचिराईत घालून बघितलं, मधला मारुती भागातल्या बाजारातून वीस रुपयांचं आणलं, चमचाभरच टाकलं होतं पण सरळ तापाचा काढा झाला, तोंड दुसऱ्या दिवशीपर्यंत कडू. यावर जास्त बोलत नाही.

अण्णाच म्हणाले शेवटी, "घरात ज्वारीचं पोतं आहे आणि तू सातू शोधत फिरतोय." मामा मंगळवेढ्याहून वर्षाची मालदांडी ज्वारी पाठवतो, तीच जिला २०१६ मध्ये जीआय मानांकन (त्या भागाचीच खास म्हणून) मिळालं. मी शोधलं तर आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची बिअर पूर्वीपासून करतात, आणि नायजेरियात १९८८ साली सरकारने बार्ली माल्टची आयातच बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारी-मक्यावर यावं लागलं. म्हणजे माझा प्रॉब्लेम एका आख्ख्या देशाला येऊन गेलेला होता, बरं वाटलं.

तीन किलो ज्वारी रात्री भिजवली, दर सात-आठ तासांनी पाणी बदललं (ते पाणी कुंड्यांना, टाकायची सोय नाही), दुसऱ्या रात्री उपसून ओल्या पोत्यात पसरली, न्हाणीघरात. दिवसातून तीनदा हाताने खालीवर करायची नाहीतर मधे तापते आणि बुरशी धरते. चौथ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड. काकडी कापल्यासारखा ओला वास येतो, तो मला फार आवडला. मग गच्चीवर वाळवण. हा भाग सोलापुरात फुकट आहे, मे महिन्याचं ऊन, दोन दिवसांत कडकडीत.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. अण्णांनी मोड बघितल्या बघितल्या बजावलं की हे कच्चं तोंडात टाकायचं नाही, कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं तर दगावतं हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. खरंच आहे, ज्वारीच्या कोवळ्या कोंबात असा पदार्थ असतो की ज्यातून सायनाइड तयार होतं. म्हणून वाळल्यावर तळहातावर चोळून मोड-मुळं सगळी मोडायची, सुपाने पाखडून काढायची आणि फेकायची, जनावराला पण घालायची नाहीत. आणि पुढची उकळी उघड्या पातेल्यात, झाकण न ठेवता. मटकीसारखी मोडाची ज्वारी उसळ म्हणून खायला जाऊ नका, प्लीज.

उरलं अडीच किलो, कढईत हलकं भाजलं, लाह्यांसारखा वास. गिरणीवाला म्हणाला याला कसला वास येतोय बे, पुढच्याचं दळण खराब होईल, बंद करायच्या वेळी ये. रात्री नऊला जाडी भरड करून दिली, पंधरा रुपये.

पहिल्या वेळी मी बार्लीसारखंच ६६ अंशावर चादर गुंडाळून ठेवलं आणि तासाने बघतो तर खीर. मेडिकलमधून आयोडीन आणलं होतं, पांढऱ्या बशीत एक थेंब रस, त्यावर एक थेंब आयोडीन, काळंनिळं कुट्ट झालं म्हणजे पीठ जसंच्या तसं, साखर झालीच नाही. कारण असं की ज्वारीचं पीठ शिजून मोकळं व्हायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि पिठाची साखर करणारे जे एन्झाइम त्याच माल्टमध्ये असतात ते तेवढ्या उष्णतेत मरतात. एकाला वाचवावं तर दुसरा शिजत नाही. यावर उपाय जुना आहे. भरड आधी कोमट, ४५-५० अंशाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, वर निवळी येते ती अलगद काढून बाजूला ठेवायची, एन्झाइम त्या निवळीत. खालचा गाळ चांगला उकळून शिजवायचा, मग ६५ पर्यंत उतरवून निवळी परत ओतायची आणि चादर गुंडाळायची. दीड तासाने बशीत थेंब टाकला, आयोडीन पिवळंच राहिलं. मी बायकोला हाक मारून बशी दाखवली, ती म्हणाली कळलं, ती बशी आता जेवायला वापरू नका.

फ्रीजचा प्रश्न बासुंदीवरून सुटला, आटवायचं! हॉप्स घालून तासभर उकळल्यावर पण आटवत राहिलो, चार लिटरवर आणलं, पातेलं बर्फात ठेवून गार केलं, मग बाटल्यांत भरलं, दोन बाटल्या फ्रीजरमध्ये अर्ध्याच भरून (गोठलं की फुगतं), बाकीच्या दारात. चटणीचा डबा जागेवर.

हिशेब. ज्वारी तीन किलो, मामाची असली तरी बाजारभावाने ५५ धरून १६५. हॉप्स १० ग्रॅम ९०, उरलेली पुडी घट्ट बांधून फ्रीजरमध्ये. गॅस मी सिलिंडरचं वजन आधी-नंतर करून काढला, पाऊण किलो, ४५. गिरणी १५, बर्फ २०. झाले ३३५. ग्लासात एक भाग हे, दोन भाग सोडा, सगळ्याचं मिळून बारा लिटर, सोड्याचे २२०. पाव लिटरचा ग्लास पडला साडेअकराला. आठवडाभराची माझी मजुरी धरलेली नाही, बायकोने वहीत पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय तिथं.

चव बार्लीपेक्षा वेगळी, गोडी कमी, लाह्यांची चव पुढे, शेवटी हॉप्सचा कडूपणा. आई म्हणाली ही तर आंबील की, सोडा घातलेली. वकील मित्राने दोन ग्लास पिऊन विचारलं, किक कुठाय बे? मी म्हटलं तूच काढून घेतलीस.

खालचा चोथा तीन-चार किलो निघतो, ओला. तो चांगला उकळलेला असतो म्हणून दूधवाल्याला विचारलं, म्हशीला चालेल का. तो वास घेऊन, चिमटीत दाबून बघून पाटी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी माप घातल्यावर त्याने वरून अर्धा लिटर जास्त ओतलं, पैसे घेतले नाहीत, पुढचा घाणा कधी आहे विचारून गेला. वहीत जमेची बाजू दिवाळीपासून कोरी होती, तिथं लिहिलं, दूध अर्धा लिटर, म्हशीचं.